विहीणबाईंना, जानेवारीच्या भरतीआधी

तुम्ही दुर्बीण घेतलीत, मकरंद सांगत होता.
आठ-बेचाळीसची. दुकानदार बारा-पन्नास गळ्यात मारत होता,
तुम्ही बधला नाहीत. बरं केलंत.
बाराने पक्षी जवळ येतो, हाताची थरथरही येते,
आणि आपल्या वयाला आधी थरथरच दिसते.

अंबाजोगाईची बस पहाटे वाशीला सोडेल.
त्या दिवशी कुठेही जायचं नाही.
पोरं म्हणतील, चला थेट खाडीवर. ऐकू नका.
मुलुंडच्या गॅलरीत चहा घेऊन बसा.
समोर तारेवर काळा, दुभंगलेल्या शेपटीचा, तो कोतवाल.
तुमच्याकडेही आहे तो.
परगावात पहिली भेट ओळखीच्याचीच असावी.

भरतीचं वेळापत्रक माझ्यावर सोपवा.
तेहतीस वर्षं भांडुपच्या पंपिंगवर काढली,
पाणी कधी चढतं ते मला घड्याळाआधी कळतं.
शुक्रवारी भरती अकराच्या सुमारास,
आपण आठला पोचायचं.
पूर्ण ओहोटीला गेलं तर रोहित म्हणजे लांबवर एक गुलाबी रेघ,
कुणी खडूने ओढून अर्धवट पुसलेली.
पूर्ण भरतीला नुसतं पाणी.
मधल्या दोन तासांत पाणीच त्यांना काठाकडे ढकलतं,
सावकाश, देवळातली रांग सरकते तसं.
आपण जायचं नाही त्यांच्याकडे. हा पहिला नियम,
खरं तर एकच.

सोबत काय आणू, विचारलंत.
पांढरं काही नको. मातकट, शेवाळी, जुनं चालेल.
सलवार असेल तर उत्तम;
माझ्या विहिणीने सलवार घातली म्हणून मुंबई बुडत नाही.
बूट बंद. इथला चिखल चप्पल परत करत नाही.
टोपी. पाणी. दशम्या तुमच्याच, तीळ लावलेल्या,
पण फडक्यात बांधा, पिशवी कुरकुरते.
आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून
त्याला बोलावतात काही जण. आपण नाही.
दारात येऊन मारलेली खोटी हाक ती,
बिचारा घास टाकून भांडायला धावतो.

वास येईल. आधीच सांगून ठेवतो.
अर्ध्या शहराचं सांडपाणी इथे उतरतं,
त्यातलं बरंचसं मीच उतरवलंय.
नाकाला रुमाल लावा, कुणी रागावणार नाही.
सैबेरियाकडून आलेला पाणटिवळा त्याच चिखलात
डोळ्यांपर्यंत चोच खुपसतो.
शिफ्ट संपली की मी उभा राहून बघायचो:
माझ्या कामाचं हे एकच गिऱ्हाईक
समाधानी दिसायचं.

यादीचं मनावर घेऊ नका.
पहिल्याच सुट्टीत शंभर करणारे असतात, वहीत नुसत्या खुणा.
तुम्ही प्रयोगशाळेत तीस वर्षं बरण्यांना चिठ्ठ्या लावल्यात,
नावं तुम्हाला माझ्याआधी जमतील.
पण शेकाट्या दिसला तर दहा मिनिटं त्याचे पाय बघा.
एवढे लाल, एवढे लांब,
जणू कुणाचे उसने आणलेत आणि अजून सवय करतोय.

शनिवारी उद्यानात. तिथे बघणं कमी, ऐकणं जास्त.
इथे एक सांगायचंय, पोरांना सांगितलेलं नाही.
माझा डावा कान पंपांनी नेला.
उजवा ठीक आहे, पण एका कानाला दिशा कळत नाही.
तांबट ठोकतोय हे समजतं,
कुठे, ते नाही.
चार वर्षं झाली, आवाज येतो
आणि मी अख्ख्या झाडाकडे बघत राहतो.
मकरंदला वाटतं, सासऱ्यांची समाधी लागली.

तेव्हा तुम्ही माझ्या डावीकडून चाला.
बोलायचं नाही. आवाज आला की
नुसतं बोट दाखवा.
नाव मी सांगेन, कुजबुजत, चुकलं तर हसू नका.

ता.क. परतीची बस रविवारची काढलीत म्हणे.
सोमवारी उद्यान बंदच असतं.
पण मंगळवारी भरती दुपारी दोनला आहे.
आपलं कळवून ठेवतो.